भिंतीकडची बाजू

२ ऑगस्ट

पहाटे अर्धवट झोपेत तो आवाज पुन्हा आला. गाण्याचा नव्हे, गाण्याच्या आधीचा. मी लहान होतो तेव्हा बाबा ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्या सेमिनरीच्या चॅपलमध्ये पायपेटी वाजवायचे. पहिला सूर धरून ते मान जराशी वर करत आणि दोन्हीकडच्या बाकांवरची माणसं एकदम श्वास घेत. दोघांनी दोन टोकं धरून ओली चादर झटकावी, तसा तो आवाज. मग गाणं यायचं. पण मला तो श्वासच जास्त आवडायचा. पुढे जन्मभर याच सेमिनरीत भाषा शिकवली. कवितेच्या तासाला सांगत राहिलो, की बाळांनो, कविता पहिल्या शब्दाच्या आधीच सुरू होते. मुलं जांभया देत. जांभई हाही श्वासच, असं म्हणून मी पुढच्या ओळीकडे वळत असे.

"दादा, चहाचं पाणी झालं पार!" स्वयंपाकघरातून हाक आली. ही धाकटी. माझी बहीण. केस माझ्याहून पांढरे झाले तरी नाव तेच राहिलं. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडेच असते, चॅपलमागच्या या दोन खोल्यांत.

मी तिला त्या श्वासाचं सांगितलं.

"तुला जिना चढताना धाप लागते, तिचं काव्य करू नकोस. डॉक्टरांकडे जा," ती म्हणाली.

५ ऑगस्ट

प्राचार्यबाईंनी बोलावलं होतं. एके काळची माझी विद्यार्थिनी. विरामचिन्हं कुठे टाकायची हे माझ्याकडून शिकली आणि आज माझ्याच उपासनेला पूर्णविराम द्यायला निघाली आहे.

"सर, संध्याकाळच्या उपासनेला किती जण असतात?"

"मी असतो. प्रभू असतो."

"आणखी?"

"भोंगा असतो, अधूनमधून."

बाई हसल्या नाहीत. सकाळची उपासना मोठ्या सभागृहात होते, मुलांना तीच पुरते, संध्याकाळी चॅपल रिकामंच असतं, तिथे अभ्यासिका करावी असं विश्वस्तांचं म्हणणं आहे, एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मी खुर्चीच्या हातावरचा सुटलेला रंग नखाने खरवडत बसलो.

"पण तुमच्यासाठी एक करते," त्या म्हणाल्या. "सत्रसमाप्तीला विश्वस्त येतील. त्या दिवशी संध्यागीत दोन्ही बाजूंनी, पूर्ण म्हटलं गेलं तर उपासना राहील. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. नाही झालं, तर सर, तुम्हीही हट्ट करायचा नाही."

कबूल करून आलो. न करून सांगतो कुणाला!

पुढे कधी काळी ही वही कुणी वाचली तर त्याच्यासाठी संध्यागीताचं लिहून ठेवतो. आमच्या चॅपलमध्ये बाकं वेदीकडे तोंड करून नाहीत, समोरासमोर आहेत. एका बाजूला खिडक्या, दुसरीकडे नुसती भिंत. सेमिनरीच्या पहिल्या शिक्षकांपैकी कुणीतरी हे गीत रचलं. खिडकीकडचे प्रश्न विचारतात, भिंतीकडचे उत्तर देतात. आणि नियम असा: एकदा ज्या बाजूला बसलात ती बाजू कायमची तुमची. समोरची बाजू रिकामी असेल, तर तिची ओळ आपण म्हणायची नाही. तेवढा वेळ गप्प राहायचं. तिची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवायची.

मी खिडकीकडचा. म्हणजे हल्ली रोज संध्याकाळी मी प्रश्न विचारतो आणि उत्तराएवढा गप्प बसतो.

९ ऑगस्ट

भोंग्याला पकडला. हा पहिल्या वर्षाचा मुलगा, आवाज असा की आमेन म्हणाला तरी कबुतरं उडावीत. सुरात नाही, पण मनापासून. त्याला म्हटलं, मुलं गोळा कर.

"सर, सांगतो सगळ्यांना. पण काय सांगू? फायदा काय?"

"फायदा?"

"म्हणजे हजेरी वगैरे मिळेल का?"

"वरती मिळेल," मी म्हणालो.

"वरती म्हणजे ऑफिसात?"

याला पुढे चर्चचा पाळक व्हायचंय. प्रभू मंडळीवर दया करो.

१४ ऑगस्ट

आली! मला वाटलं होतं दोघं-तिघं येतील, पण सबंध एक बाक भरला, आणि दुसराही जवळजवळ. मात्र सगळी खिडकीकडे. भिंतीकडे चिटपाखरू नाही.

"तिकडे कोण बसणार, सर," भोंगा म्हणाला, "त्या पाट्या बघा. मेलेल्या माणसांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं."

भिंतीवर गेलेल्या शिक्षकांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत. मी म्हटलं, अरे, ही माणसं आयुष्यभर त्याच बाकांवर बसून गायली, म्हणून तिथे आहेत. तुम्ही त्यांच्या मांडीवर नाही, त्यांच्या जागेवर बसणार आहात. बोललो छान, पण कुणी हललं नाही.

मग एक मुलगी उठली. हिला मुलं कुजबूज म्हणतात, कारण तिचं बोलणं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. ती उठून सरळ समोर गेली आणि बसली, नेमकी आमच्या मेहुण्यांच्या पाटीखाली. तिच्यामागे आणखी काही जण गेले.

घरी येऊन धाकटीला हे सांगितलं. ती सूप ढवळत होती. "कुणाच्या पाटीखाली?" तिने विचारलं. मी पुन्हा सांगितलं. नंतर जेवताना बघतो तर सुपात मीठ दोनदा. वय झालं तिचंही.

२० ऑगस्ट

आज पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी गीत म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, दंगल झाली. खिडकीकडून प्रश्न:

मावळला दिवस, आता वाट कोण दावी?

आणि भिंतीकडून उत्तर यायच्या आत भोंग्यानेच इकडून ठोकून दिलं:

पहाट ज्याने दाविली, तोच दिवा लावी!

"अरे, ते तुझं नाही!"

"पण मला माहीत होतं, सर!"

"माहीत असेल. विचारलं कुणाला?"

"त्यांना. पण ते उशीर करत होते."

दुसऱ्या कडव्यालाही तेच. थकलेल्या पावलांना कोण देई थारा, असं विचारायचं आणि श्वासही न घेता वादळ ज्याच्या हाती, त्याच्या हाती किनारा, हेही आपणच सांगून मोकळं व्हायचं. आणि एकटा भोंगाच नव्हे, सगळेच. या मुलांना प्रश्नही येतात, उत्तरंही येतात. मधली जागा तेवढी येत नाही. वर्गात हात वर करून करून ही सवय लागली असावी; आणि ती लावणाऱ्यांत मीही होतोच.

त्यांना म्हटलं, विचारल्यावर आपला आवाज खोलीत विरेपर्यंत ऐका. शेवटचा कण विरला की मग समोरच्यांची पाळी. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं त्याने खरं म्हणजे विचारलेलंच नसतं.

"आणि ऐकताना काय करायचं?" कुजबुजीने विचारलं असं भोंग्याने तिच्याजवळ जाऊन, ऐकून मला मोठ्याने सांगितलं.

"काही नाही. ऐकायचं. प्रार्थना बव्हंशी तीच असते," मी म्हणालो. म्हणून गेलो आणि वाटलं, हे मला तरी जमतं का?

३१ ऑगस्ट

धाकटीचं काहीतरी बिनसलंय. आज म्हणाली, "दादा, ती पोरं तिसऱ्या कडव्यात धावतात. 'गेले'वर जरा रेंगाळायला हवं."

"तुला काय ठाऊक?"

"खिडकी उघडी असते स्वयंपाकघराची. धूर जायला."

उकडलेल्या बटाट्यांना कसला आलाय धूर! आणि हल्ली रोज, नेमकं उपासनेच्या वेळी, बटाटेच सोलत बसते त्या खिडकीशी. मी म्हटलं, एवढं ऐकतेस तर ये की चॅपलला. तर म्हणाली, गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. खरं असेल. परवा मात्र स्टुलावर उभी राहून माळ्यावरची पेटी काढत होती. म्हातारपणी दुखणीसुद्धा लहरी होतात.

पण 'गेले'चं तिचं म्हणणं बरोबर होतं. आज मुलांना तसं करायला सांगितलं आणि अंगावर काटा आला.

८ सप्टेंबर

तिसऱ्या कडव्याबद्दल लिहायचं कालपासून मनात आहे.

गेले आमुचे जे, कुणाच्या घरी गेले?
ज्याने दिले होते, त्याच्याच घरी गेले.

मेहुणे भिंतीकडचे पुढारी होते. ही दुसरी ओळ त्यांच्या तोंडून ऐकावी! धाकटीही भिंतीकडचीच, लहानपणी ती रुसून माझ्यासमोर जाऊन बसली आणि नियमाने तिकडचीच झाली. पुढे त्या बाजूला नवरा मिळाला, म्हणजे रुसवा फळलाच म्हणायचा. दोघांचे आवाज असे एकमेकांत मिसळायचे, की कुणाचा कुठला सांगता येऊ नये.

त्यांच्या अंत्यविधीला हेच गीत झालं. आम्ही विचारलं, भिंतीकडून उत्तर आलं. माझ्या डोळ्यांसमोर धाकटी बसली होती. तिचे ओठ मिटलेलेच होते. घरी आल्यावर म्हणाली, "सगळे मिळून मला उत्तर सांगत होते. मला तर अजून विचारायचंच होतं." त्यानंतर तिचे गुडघे दुखायला लागले.

मी तेव्हा म्हटलं, होईल हळूहळू बरं. मालिशचं तेल आणून दिलं. अजून आणतो.

१७ सप्टेंबर

आज मनाशी भांडण झालं. वेदीसमोर एकटाच बसलो होतो, मुलं यायची होती. प्रश्न असा पडला, की हा सगळा खटाटोप मी कुणासाठी करतोय? देवासाठी, की बाबांच्या काळातला एक आवाज पुन्हा कानांवर पडावा म्हणून? उपासना वाचवतोय, की आपलं बालपण? शाळेत पाठ केलेल्या कविता जशा पुन्हा पुन्हा म्हणून बघतो, तसाच हा एक चाळा तर नाही?

उत्तर आलं नाही. मीच मुलांना शिकवल्याप्रमाणे ऐकत बसलो. खिडकीतून उन्हाची तिरीप येऊन समोरच्या पाट्यांवर पडली. माझ्या बाजूच्या खिडक्यांतून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर जाऊन दिसतो, हे इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं. माझ्या बाजूला तो नुसता जातो. थांबतो समोर. तेवढ्यात भोंगा आला आणि म्हणाला, "सर, झोपला होतात का?"

२९ सप्टेंबर

आज तो आवाज आला!

पायपेटीवर सूर धरला, मान वर केली, आणि ओली चादर झटकल्याचा तो आवाज! सगळ्यांचा एक श्वास. स्वप्नात नव्हे, जागेपणी, माझ्या या दोन मोठ्या कानांनी ऐकला. दोन्ही बाजू भरलेल्या. विचारलं, विरू दिलं, उत्तर आलं. उत्तर विरू दिलं, पुढचं विचारलं. कुजबूज आता भिंतीकडची पुढारी झाली आहे. तिचा आवाज बारीकच आहे, पण तो ऐकण्यासाठी बाकीचे आपापले आवाज खाली आणतात, आणि त्यानेच ती बाजू सुरात राहते. इकडे भोंगा इतका सुधारला आहे, की आज कबुतरं जागची हलली नाहीत.

प्राचार्यबाई दाराजवळ उभ्या होत्या. दिवे बंद केले जातात की नाही ते बघायला आल्या होत्या म्हणे. दिवे तर अजून लावायचेच होते. ओठ मात्र हलत होते त्यांचे. बहुधा डोकी मोजत असाव्यात.

घरी गेलो तो शीळ घालतच. "काय झालं, लॉटरी लागली?" धाकटी म्हणाली. मी सगळं रंगवून सांगितलं. ती पाठमोरी राहून ऐकत होती, आणि बटाटा इतका सोलत गेली की हातात गोटी उरली.

१२ ऑक्टोबर, सकाळ

जिंकलो! आधी तेवढं लिहून टाकतो. संध्याकाळची उपासना राहिली. विश्वस्तांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ, जे एरवी बैठकीत डुलक्या काढतात, ते उठून म्हणाले, "अभ्यासिकेला दुसरी खोली बघा. ही खोली कामात आहे." प्राचार्यबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि एकही वाक्य धड पूर्ण केलं नाही, विरामचिन्हांचा पार विसर पडला होता. भोंग्याने मला उचलायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, बाबा रे, हाडं मोडतील, मग माझीही पाटी लावावी लागेल.

पण हे घडलं कसं, ते सांगायचं राहिलंच. चांगला घास शेवटी खायची सवय आहे मला, म्हणून क्रमानेच सांगतो.

काल दुपारी भिंतीकडची सगळी मुलं शेजारच्या गावातल्या चर्चच्या मंडळीत सरावाच्या उपदेशासाठी गेली होती. नेमकी तीच. आम्हीच हुशारीने ठरवलं होतं, की बाजू फुटू नयेत म्हणून एक बाजू सबंध जाईल आणि वेळेत परत येईल. म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत, आणि टोपली भाड्याच्या गाडीत. विश्वस्त येऊन बसले. दिवे लागले. भोंगा धावत आला, फोन हातात.

"सर, गाडी बंद पडलीय. चालत निघालेत. पण वेळ लागेल."

प्राचार्यबाई माझ्याशी वाकून हळूच म्हणाल्या, "सर, खिडकीकडच्या निम्म्या मुलांना समोर बसवा. कुणाला कळणारही नाही."

खोटं कशाला लिहू, मोह झाला. बसवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. मुलांना उत्तरं येतच होती. भोंग्याला तर पहिल्या दिवसापासून येत होती. मी समोरच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. ती मुलं धुळीतून चालत येत होती, आपली जागा आपलीच आहे या भरवशावर. ज्या जागा मोकळ्या ठेवायला मी त्यांना शिकवलं, त्या मीच भरून टाकू?

"नाही," मी म्हणालो. "जसं आहे तसंच म्हणू."

"सर, हरू आपण," बाई म्हणाल्या. 'आपण' म्हणाल्या. ते मला आत्ता लिहिताना उमगलं.

पायपेटीवर बसलो. तिच्यावर बसलं की दाराकडे पाठ होते. सूर धरला. अर्ध्या चॅपलने श्वास घेतला.

मावळला दिवस, आता वाट कोण दावी?

गप्प. उत्तराएवढं गप्प. एका विश्वस्तांनी घड्याळाकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं. भोंग्याकडे पाहिलं तर बिचाऱ्याने दोन्ही ओठ दातांत धरून ठेवले होते, तोंड लालबुंद. पण ती ओळ त्याने म्हटली नाही. त्याला पाळक व्हायला आता माझी हरकत नाही.

थकलेल्या पावलांना कोण देई थारा?

पुन्हा गप्प. चॅपलची दारं, खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेरही इतकी शांतता होती, की पलीकडे आमच्या स्वयंपाकघरात सोललेला बटाटा पाण्यात पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग तोही थांबला. मनात म्हटलं, हरलो तरी नीट हरलो. बाबा, तुमचा नियम मोडला नाही. आणि खरं सांगतो, भीती गेली. रिकामी बाकं रिकामी वाटेनात; कुणाची तरी वाट बघत बसलेली वाटली. विचारणाऱ्याने विचारायचं, पुढचं आपल्या हातात नाही. तिसरं कडवं मी जन्मात म्हटलं नसेल तसं म्हटलं, 'गेले'वर रेंगाळून, खरोखरच काही ठाऊक नसल्यासारखं:

गेले आमुचे जे, कुणाच्या घरी गेले?

आवाज विरला. शेवटचा कणही विरला.

आणि मागून, माझ्या पाठीमागून, एक श्वास ऐकू आला. एकच. जिना धावत चढून आल्यासारखा. मग जुना, चिरका, वर्षानुवर्षं न वापरलेला, तरीही मी कुठेही ओळखला असता असा आवाज:

ज्याने दिले होते...

तिथे तो अडकला. चॅपलमध्ये कुणी हललं नाही. कुणी मदतीला धावलं नाही. मुलं शिकली होती. सगळे थांबून राहिले, तिला लागेल तेवढा वेळ.

...त्याच्याच घरी गेले.

विश्वस्त दाराकडे बघत होते. प्राचार्यबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी पायपेटीवरून हात उचलले आणि वळलो.

दारात धाकटी उभी होती. कमरेला फडकं, पायांत घरातल्या सपाता आणि हातात बटाटे सोलायची सुरी.